बेहेरे काकांची माघार

"खानसाहब, सोफा अभी नहीं. सोफा गया तो घर की हिम्मत जाती है."

मी लिफ्टची वाट बघत होते तेव्हा हे कानावर आलं. पेंडशांचं दार सताड उघडं होतं. आत कार्गोवाले चर्र चर्र करत चिकटपट्ट्या ओढत होते आणि हॉलच्या मधोमध कमरेवर हात ठेवून बेहेरे काका उभे होते. पेंडसे दुबईशेजारचं हे अजमान कायमचं सोडून निघाले होते. त्यांची नोकरी गेली होती, व्हिसा कॅन्सल झाला होता. आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी घरांत असं काही झालं की पहिला फोन बेहेरे काकांना जातो.

"तो पहले क्या उठाना है?" कार्गोवाल्यांच्या खानसाहेबांनी विचारलं.

"जो दिखता नहीं वो. माळा, स्टोअर, पलंग के नीचे का. हॉल आखिर तक वैसाच रखने का." मग पेंडसे वहिनींकडे वळून, "वहिनी, चहाचं पातेलं आणि दोन कप शेवटपर्यंत बाहेर राहू द्या. आपला जनरल रिकाम्या खंदकातसुद्धा शेकोटी पेटती ठेवायचा. लांबून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, माणसं आहेत अजून."

सकाळपासून रडत असलेल्या वहिनी हे ऐकून उठल्या आणि त्यांनी खरंच चहा टाकला.

जनरल म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला एक जर्मन सेनापती. काका त्याचं नाव कधी घेत नाहीत. 'आपला जनरल' असं म्हणतात, जणू तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. काका स्वतः आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मी शाळेत असताना काकू गेल्या, तेव्हापासून एकटेच. दुबईत अल क्वोजमधल्या एका गोदामात ते डिस्पॅच मॅनेजर. दिवसभर दुसऱ्यांचा माल वाटेला लावायचा आणि घरी येऊन जाडजूड पुस्तकांतून जनरलच्या मागे रशियाभर हिंडायचं, हा त्यांचा दिनक्रम.

ऑगस्टमध्ये आमच्या पार्किंगमध्ये चपलेचा तळ चिकटेल असं ऊन असतं. अशा वेळी काका शर्टाच्या बाहीनं घाम पुसत सांगतात, "बर्फ मांडीपर्यंत, पोरी. इंजिनातलं तेल गोठलेलं. ट्रकच्या पोटाखाली शेगडी ठेवायची, नाहीतर सकाळी गाडी खलास." मला तिथं, त्या उन्हात, खरंच शहारा येतो.

जनरलची निम्मी कारकीर्द ते एका श्वासात उरकतात. फ्रान्समध्ये नदी ओलांडताना तो पहिल्या होड्यांमध्ये होता, रशियात त्याचे रणगाडे सगळ्यांच्या पुढे होते, वगैरे. "पुढे जायला काय लागतं? पेट्रोल." मग ते खुर्ची पुढे ओढतात. बर्फ पडायला लागतो, हुकूम येतो, की मागे फिरा, आणि काकांचा जनरल इथून सुरू होतो. कुठला पूल कधी सोडायचा, स्वयंपाकाच्या गाड्या कुठल्या रस्त्यानं काढायच्या, सगळ्यात मागे कोण राहणार. आमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याची बरणी म्हणजे पूल असतो आणि चमचे म्हणजे पलटणी. माझे बाबा बातम्या बघायच्या तयारीत बसलेले असतात, पण शेवटचा चमचा बरणी ओलांडेपर्यंत रिमोट त्यांच्या हातातच राहतो.

आई मात्र एकदा म्हणाली, "भाऊजी, तो बाजू कुणाची घेऊन लढत होता ते विसरता तुम्ही."

"विसरत नाही, वहिनी. बाजू वाईटच. त्यानं सह्या केलेले काही हुकूम वाचवत नाहीत. मी त्याच्याकडून फक्त निघायला शिकतोय. इथं आपल्याला दुसरं काय येणारे उपयोगाला? आज ना उद्या सगळेच निघणार."

आईनं त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

त्यांनी सगळ्यांना हुद्दे दिले आहेत. आई रसद-प्रमुख. बाबा राखीव दल, कारण ते सोफ्यावरून हलत नाहीत. मी वायरलेस. "आमची वायरलेस ऐकते सगळं, पाठवत काही नाही," असं ते पाहुण्यांना सांगतात. मी 'येस अंकल', 'थँक यू अंकल' एवढं बोलून आत जाते. त्यांच्याशी बोलायची मराठी वाक्यं मनात जुळवून होईपर्यंत ते पुढच्या नदीवर पोचलेले असतात.

पेंडशांच्या घरी त्या दिवशी शेवटी अडलं ते तुळशीपाशी. कार्गोत झाड चालत नाही, विमानात नेऊ देत नाहीत. वहिनी कुंडीला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या.

"जे जखमी हलवता येत नसत," काका हळू आवाजात म्हणाले, "त्यांना जनरल एका डॉक्टरच्या हवाली करून मागे ठेवायचा. डॉक्टर स्वतःहून थांबायचा. द्या ती इकडे."

कुंडी छातीशी धरून ते लिफ्टमध्ये शिरले. मी बटण दाबलं.

काकांच्या बाल्कनीत अशी बरीच मंडळी आहेत. भिड्यांचा कढीपत्ता, नाशिकला परतलेल्या कुलकर्ण्यांचं गवती चहाचं बेट, कुणाचं कोरफडीचं, कुणाचं ओव्याचं. सगळ्यांवर हिरवी जाळी ताणलेली, उन्हाळ्यात पाणी पहाटे आणि संध्याकाळी. दर शुक्रवारी काका एकेकाचा फोटो काढतात आणि जिथं जिथं ती माणसं गेली तिथं पाठवतात. खाली लिहितात, 'प्रकृती उत्तम' किंवा 'किंचित ताप, काळजी नसावी.' भिडे आजोबा नागपूरहून उलट विचारतात, नवीन पान आलं का. मला हे आईनं सांगितलं तेव्हा मी बराच वेळ त्या जाळीकडे आमच्या खिडकीतून बघत बसले होते.

यंदा काकांच्या कंपनीनं त्यांना वयामुळे निरोप दिला. व्हिसा संपत आला. पुण्याला भाची आहे, तिच्या शेजारी खोली बघून ठेवलेली. बिल्डिंगभर सगळे विचारायचे, "काय जनरल, स्वतःची माघार कशी?" ते म्हणायचे, "प्लॅन तयार आहे. इन्शाल्ला."

परवा संध्याकाळी आईनं मला खिचडीचा डबा घेऊन पाठवलं. दार ढकललं आणि मी उंबऱ्यातच थांबले. सोफा गेला होता. टीव्ही, टेबल, पडदे, सगळं गेलं होतं. गॅसची शेगडी उचलून नेलेली, म्हणजे चहासुद्धा नाही. समोरच्या रिकाम्या हॉलमध्ये काका उलट्या बादलीवर बसले होते, बाल्कनीकडे तोंड करून. बाल्कनीतली एकही कुंडी हललेली नव्हती.

"ये, वायरलेस. ठेव तिथं खाली." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "ग्रुपवर टाकलं होतं, कुणी ठेवून घेतं का म्हणून. सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले. त्यांचंही बरोबर आहे, अर्धे स्वतःच निघायच्या बेतात. उद्या घरमालकाचा एजंट येणार. बाल्कनी रिकामी हवी म्हणाला."

मी डबा ठेवला.

"जनरलची एक गोष्ट मी सांगत नाही कुणाला. एकदा थांबायला डॉक्टर मिळाला नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना प्रश्न कळला असावा.

"पुस्तकात पुढे एवढंच आहे, की माघार यशस्वी झाली." त्यांनी बादलीवरच जरा सरकून घेतलं. "मी ते पान कितीदा वाचलं असेल. त्या माणसाचं एवढं कौतुक करतो मी, पण त्या पानावर त्याला सोडतो आणि जातो झोपायला."

मी बाल्कनीत गेले. कुंड्यांना नावाच्या पट्ट्या होत्या: भिडे, कुलकर्णी, पेंडसे. तुळशीला मंजिऱ्या आल्या होत्या. कोपऱ्यात भिंतीच्या सावलीला, सगळ्यांत चांगल्या जागी, एक मोगरा होता. त्याच्यावर पट्टी नव्हती. माती नुकतीच भिजवलेली होती.

मी त्याच्याकडे बोट केलं.

"तो हिचा," काका म्हणाले. "फुलं येत नाहीत आता. पण आहे."

खाली कुणीतरी गाडी लावत होतं. काका बादलीवरून उठले, डबा उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून उभे राहिले. आमच्या बाल्कनीत आईची कपड्यांची दोरी आहे, बाबांची मोडकी सायकल आहे. सायकल कधीचीच काढायची आहे. मी जाळीची एक गाठ सोडली. मग दुसरी. पहिली भिड्यांची कुंडी उचलली, ती वाटली होती त्यापेक्षा जड निघाली.

"अगं, काय करतेस?"

मी कुंडी छातीशी धरली आणि म्हणाले, "काका, मी थांबते मागे. शुक्रवारी सगळ्यांची प्रकृती कळवीन. मोगऱ्याची तुम्हाला."