बंद करायचं राहूनच गेलं

"तुमची सिस्टीम आजपासून रद्द," मोठे साहेब म्हणाले आणि उठलेसुद्धा. अहो, ते बसले कधी होते हेच कोणाला आठवेना! बटण दाबल्यावर कॉम्प्युटर जिच्या जिवावर जागा होतो, ती आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम घरची बनवायची, म्हणून किती वर्षं ही मंडळी त्या खोलीत खपत होती. सुरुवातीला खोली भरून माणसं होती. एकेक करत गेली आणि उरली तीन. एक ताई, म्हणजे टीमच्या प्रमुख. दुसरा जाड्या. आणि तिसरा मौनीबाबा, जो बोलला की आजूबाजूचे दचकायचे.

दारात पोचल्यावर मोठ्या साहेबांना काहीतरी आठवलं. "हां, तुम्हाला खालच्या मजल्यावर विक्री विभागात घेतायत. तिथल्या साहेबांना तुमची मशीनं हवीयेत. संध्याकाळपर्यंत रिकामी करून द्या."

"आणि नाही झाली तर?" जाड्यानं विचारलं.

"ते म्हणतायत, मशीनं नाहीत तर माणसंही नकोत."

साहेब गेले. जाड्या मटकन खाली बसला. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता, आणि 'नोकरीचं जरा बघतो' हे वाक्य तिच्यासमोर उच्चारायची त्याची अजिबात हिंमत नव्हती.

"रडू नकोस रे," ताई म्हणाल्या. त्यांचाच आवाज जरा ओला होता. "रिकामी करायला कितीसा वेळ लागतो? बंद करायची, पुसायची, द्यायची. चल, कर बंद."

जाड्यानं माउस धरला. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, वर गेला. मग म्हणाला, "ताई, बंद कुठून होतं हे?"

"म्हणजे काय? मेनूत असेल ना!"

"मेनूत नाहीये."

"मौनीबाबा, बंद करायचं काम कोणाकडे होतं?"

मौनीबाबानं जाड्याकडे बोट दाखवलं. जाड्यानं ताईंकडे. ताईंनी, सवयीनं, सोडून गेलेल्या एका माणसाच्या रिकाम्या खुर्चीकडे. झालं होतं असं, की जेव्हा जेव्हा हा विषय निघायचा तेव्हा कोणीतरी म्हणायचं, अरे आधी नीट चालू तर होऊ दे! ते सगळ्यांनाच पटायचं. आणि सिस्टीम किती वेळ न थांबता चालते हे बघायचं म्हणून मशीनं कधी कोणी बंदच केली नव्हती. लग्नं झाली, आजारपणं झाली, एकदा छत गळलं, पण मशीनं आपली सुरूच.

"मग वायर उपट की!" ताई म्हणाल्या.

जाड्यानं वायर उपटली. पडदा काळा झाला. त्यानं हुश्श केलं, मशीन पुसायला म्हणून परत जोडलं, आणि पडद्यावर जिथल्या तिथे सगळं हजर! अर्धं लिहिलेलं वाक्यसुद्धा तिथंच लुकलुकत होतं. कारण वीज गेली तरी काम जाणार नाही, हीच तर यांच्या सिस्टीमची शान. त्या एका गुणासाठी तिघांनी रक्ताचं पाणी केलं होतं. दुसरी सिस्टीम वर चढवावी, तर ही बाई आपल्या जागेवर कोणाला बसूच देईना. रीतसर बंद झाल्याशिवाय जागा सोडायची नाही, हेही यांनीच तिला शिकवलेलं. जाड्यानं चिडून मशीनची डिस्कच बदलली. तर मशीननं शेजारच्या मशीनला विचारलं, 'मी कुठे होते गं?' आणि शेजारणीनं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"हे शेजारधर्माचं कोणी घातलं?" ताई ओरडल्या.

"तुम्हीच. त्यावर आपण पेढेसुद्धा खाल्ले होते," मौनीबाबा म्हणाला. दोघंही दचकले.

आता डोकं चालेनासं झालं की जाड्याचं भलतंच चालतं. त्याला वाटलं, शेजारणींपासून तोडलं की प्रश्न मिटला. त्यानं एक मशीन उचललं, पोटाशी धरलं आणि ताई 'अरे थांब' म्हणेपर्यंत जिना उतरून विक्री विभागात नेलं. कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं, जोडलं. मशीन जागं झालं आणि त्यानं इकडे तिकडे बघितलं. नवे शेजारी! पण यांना तर काहीच माहीत नाही. मग काय, त्यानं त्यांना सगळं समजावून सांगितलं.

चहाचा कप रिकामा व्हायच्या आत विक्री विभागाचे सगळे पडदे पालटले. इतक्या वर्षांत ज्या सिस्टीमला एक गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, तिनं रद्द झाल्या दिवशी आख्खा मजला काबीज केला.

"हे काय आहे?" विक्रीवाले साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांचा आवाज मुळातच चढा, त्यात आता शिडी लागली. "माझं पत्र कुठाय? कोण आहे रे तो जाडा?"

"साहेब, पत्र आहे, जात नाही. काहीच जात नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे," जाड्या म्हणाला.

"आमच्याकडे येणार होतास ना तू? संध्याकाळपर्यंत हे निस्तरलं नाहीस ना, तर येऊ नकोस. आणि वरच्या त्या दोघांनाही सांग!"

जाड्या वर आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. कपाळाला हात लावला. मग हसल्या. आधी थोडं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे हिला बंद करायचं तर हिचं काम आधी पूर्ण करायला लागणार," त्या म्हणाल्या. "बसा. बंद करायचं लिहू या."

ते बसले. आणि गंमत म्हणजे त्या खोलीत इतकं सुरळीत काम कधीच झालं नव्हतं. शेवट कुठे आहे हे पहिल्यांदाच दिसत होतं ना!

"सरळ सगळ्यांचे गळे दाबू या," जाड्या म्हणाला. "आत जे काय चाललंय ते एका फटक्यात बंद."

मौनीबाबानं मान हलवली. "आधी विचारायला पाहिजे. प्रत्येकाला. तुझं झालं का म्हणून."

"आणि नाही झालं म्हणाला तर?"

"तर थांबायचं. हातातलं नीट ठेवू द्यायचं. मग निरोप द्यायचा."

"अरे, इथे आपली नोकरी चाललीये आणि हा निरोप समारंभ करतोय! ताई, सांगा याला."

ताई खिडकीच्या जाड पडद्याकडे बघत होत्या. मशीनच्या काचेवर उजेड पडतो म्हणून तो कायम ओढलेला. "सकाळी आपल्याला कोणी विचारलं का रे, तुमचं झालं का म्हणून?" त्या म्हणाल्या. "आपल्याला जसं केलं तसं हिला नको करायला. मौनीबाबा म्हणतो तसंच लिहा."

मग जाड्यानंही आपला भाग इतक्या निगुतीनं लिहिला, की तपासताना ताईंना बोट ठेवायला जागा सापडली नाही.

ऊन उतरलं तेव्हा ताईंनी बंद करायचं नवं बटण दाबलं. मशीननं आत एकेकाला विचारलं, थांबलं, आवरलं आणि विझलं. शेजारणीला कळलं, तीही आवरून विझली. मग पुढची. खाली विक्री विभागात जाड्यानं ते आधीच नेऊन लावलं होतं, तिथेही तेच. तिथे तर त्यांची जुनी सिस्टीम परत जागेवर आली. वरच्या खोलीत शेवटचा पंखा थांबला आणि अशी शांतता पसरली, की जाड्याला स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. तिघांपैकी कोणीच कोणाकडे बघेना.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. विक्रीवाले साहेब. मागे मोठे साहेब.

"साहेब, निघालं सगळं," जाड्या घाईनं म्हणाला. "तुमचं जुनं परत आलंय."

"आलंय ना! म्हणून तर आलोय," विक्रीवाले साहेब म्हणाले. "जुनं रोज बंद करताना अडकतं, अर्धं काम गिळतं. तुमच्या सिस्टीमनं बंद होताना मला विचारलं, तुमचं पत्र अर्धं राहिलंय, नीट ठेवू का? अहो, मला घरीसुद्धा कोणी असं विचारत नाही! ते तेवढं मला परत द्या."

"तेवढं म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"बंद करायचं. बाकीचं नको."

मोठ्या साहेबांनी हनुवटी खाजवली. "सिस्टीम तर मी रद्द केलीये. पण बंद करण्याचा भाग... तो चालू ठेवायला हरकत नाही. सगळ्याच मजल्यांवर लावू. तिघं इथंच बसा." आणि उठायला बसलेलेच नव्हते, त्यामुळे नुसते गेले.

जाड्यानं बायकोला फोन लावला. "अगं, नोकरी आहे!"

"म्हणजे? जाणार होती?"

"नाही... म्हणजे हो, पण नाही. नवीन काम दिलंय."

"कसलं?"

"बंद करायचं."

"काय बंद करायचं?"

"सगळं."

"मग आता घरी लवकर येशील?"

जाड्यानं वर बघितलं. मशीनं गप्प होती, राखण करायला काही उरलं नव्हतं, आणि मौनीबाबानं चक्क पिशवी खांद्याला लावली होती. "निघालोच," जाड्या म्हणाला.

ताईंनी दिव्याचं बटण दाबलं आणि खोलीत मिट्ट काळोख झाला. कोणीतरी खुर्चीवर आपटलं, कोणीतरी टेबलावर. इतक्या वर्षांत या खोलीतला दिवा कोणी मालवलाच नव्हता. दार नेमकं कुठल्या बाजूला आहे, ते तिघंही भिंती चाचपत एकमेकांना विचारत होते.