कवडी कोंबडीचा डावा पाय

एका जंगलात जांबूमावशी नावाची एक अस्वलीण राहत होती. तिच्या घरामागे परस होतं, परसात अळू होतं आणि अळवात एक कोंबडी होती. अस्वलीण कोंबडी कशाला पाळेल, असं विचारू नका. गोष्ट माझी आहे. ज्यांना शंका असतील त्यांनी मागे जाऊन बसावं.

कोंबडीचं नाव कवडी. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून कवडी. मावशीचा तिच्यावर भारी जीव. कवडी पिल्लू होती तेव्हाच मावशीने तिच्या डाव्या पायात काळा दोरा बांधला. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. गाठ अस्वलाच्या ताकदीने मारलेली.

मग पिल्लाची कोंबडी झाली. दोरा होता तेवढाच राहिला.

आणि एके सकाळी कवडी लंगडायला लागली.

कळलं तुम्हाला? शाबास. पण ओरडू नका. जंगलात अजून कुणालाच कळलेलं नाही.

मावशीने हंबरडाच फोडला. "अगं बाई! माझ्या कवडीला कुणाची गं नजर लागली?" ती धावत घरात गेली, दुसरा काळा दोरा घेऊन आली आणि त्याच पायात बांधला. पहिल्यापेक्षा घट्ट.

पाय सुजला. मग निळा पडला. कवडीला माती उकरता येईना. रात्री दांडीवर चढता येईना. ती फार घाबरली. पाय गळून पडला तर आपलं काही खरं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बातमी पसरली आणि मंडळी समाचाराला यायला लागली. मावशी रडण्यात गुंतलेली, त्यामुळे सगळ्यांचा चहा कवडीच करायची. एका पायावर.

पहिली आली सशीण. हातात बिस्किटांचा पुडा.

"किती गं उतरलीस! आमच्या धाकट्या जाऊबाईंचं अस्संच झालं होतं."

"मग?" कवडीने विचारलं.

"मग काय, गेल्या. फार गोड होत्या बिचाऱ्या. चहात साखर जरा कमीच घाल हं."

मग माकडीण आली. तिने कवडीच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. "जरा दुःखी दिस ना," ती म्हणाली. फोटो जंगलाच्या ग्रुपवर गेला. सगळ्यांनी हात जोडले. कुणीतरी पायावर केळ्याची साल बांधायचा उपाय पाठवला. माकडिणीने तो ताबडतोब अर्धा अमलात आणला. म्हणजे केळं खाल्लं.

मग पुढारी गर्दभराव. त्यांनी चौकात फ्लेक्सच लावला. 'कवडीताई, लवकर बऱ्या व्हा!' वर गर्दभरावांचा गॉगल घातलेला फोटो. त्याखाली कार्यकर्त्यांचे चेहरे. अगदी खाली कोपऱ्यात कवडी, मानेपर्यंत. पायाला जागा उरली नव्हती. पत्ता मात्र सविस्तर होता.

"जरा माझा पाय बघता का?" कवडी प्रत्येकाला विचारायची.

"त्यात काय बघायचंय! होशील बरी," म्हणत प्रत्येक जण पायात एकेक काळा दोरा बांधून जायचा. पायाचं रीळ झालं.

तो फ्लेक्स कोल्होबांनी वाचला. पळता न येणारी कोंबडी, शिवाय पत्त्यासकट! त्यांच्या तोंडाला असं पाणी सुटलं की रुमाल लागला. त्यांनी एक शहाळं काखोटीला मारलं आणि निघाले.

कोल्होबांनी चहा नाकारला. जाऊबाईंची गोष्ट सांगितली नाही. ते थेट खाली बसले आणि म्हणाले, "तंगडी दाखवा."

कवडीला भरून आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी पाय बघत होतं! आणि किती मन लावून बघत होतं!

"शी! दोरे!" कोल्होबा पुटपुटले. "दाताखाली दोरा आला की पुढचा घास उतरत नाही माझ्या घशाखाली."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, दोरे काढायला हवेत."

"अहो, दृष्ट लागेल तिला!" मावशी किंचाळली.

"दृष्टच ना? दात तर नाही ना लागणार?" कोल्होबा म्हणाले आणि त्यांनी कटाकट सगळे दोरे तोडले. कवडीच्या बोटांत मुंग्या आल्या. मग ऊब आली. तिला इतकं बरं वाटलं की ती एकदमच हसायला आणि रडायला लागली.

पण कोल्होबांनी तिला तेव्हाच खाल्लं नाही. ते खवय्ये होते. निळी तंगडी त्यांना चालत नसे. शिवाय मावशी शेजारीच उभी होती आणि तिचा पंजा परातीएवढा होता.

"रोज येईन मी," ते म्हणाले.

आणि खरंच रोज आले. आधी कोमट मिठाचं पाणी. "छान मुरू दे." मग हळद. मग आलं-लसणाचा लेप.

"यानेही सूज उतरते, डॉक्टर?" कवडीने विचारलं.

"उतरते तर! आणि वास बघा कसा सुटलाय. मावशी, खुराक वाढवा हिचा. ज्वारी द्या, तीळ द्या. अंग भरू दे जरा."

"कोल्होबा म्हणजे देवमाणूस!" सशीण म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सूज उतरली. पाय पिवळाधमक झाला. कवडी माती उकरायला लागली, दांडीवर उडी मारायला लागली, आणि उगाचच, काही काम नसताना, परसभर नाचायला लागली.

मग एक दिवस मावशी मध आणायला गेली आणि कोल्होबा आले. एका हातात तिखट-धन्याची पोटली, दुसऱ्या हातात कढई.

"आज शेवटचा लेप. डोळे मिटा."

"कढई कशाला, डॉक्टर?"

"शेक द्यायला."

"डाव्या पायाला?"

"सगळ्यालाच."

कवडी पळाली! काय पळाली म्हणून सांगू! अळवातून, घराला वळसा घालून, पुन्हा अळवातून, आणि डाव्या पायावर जोर देऊन भुर्रकन फणसाच्या फांदीवर. पाय नुसता बरा नव्हता झाला, पहिल्यापेक्षा झकास झाला होता.

कोल्होबा खाली धापा टाकत उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. "एवढं केलं गं मी तुझ्यासाठी! दुसऱ्या कुणी केलं होतं का?"

कवडीने क्षणभर विचार केला.

"नाही हो," ती म्हणाली. "खरंच नाही. उजवा पाय दुखला की तुम्हालाच बोलावीन. मावशी घरात असताना."

तेवढ्यात मावशी परत आली. फांदीवर टुणटुणीत कवडी, झाडाखाली डोळे पुसणारे डॉक्टर! तिने मधाचं पोळं टाकलं, धावत आली आणि कोल्होबांना कडकडून मिठी मारली. अस्वलाची मिठी. आतून दोन-तीन ठिकाणी कटकट असा आवाज आला.

कोल्होबा लंगडत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी बिस्किटांचे पुडे घेऊन त्यांच्या समाचाराला निघाली.

तात्पर्य: ज्यांचा आपल्यावर जीव असतो ते आपली काळजी करतात, पाय बघायला त्यांना सवड नसते. तेव्हा मुलांनो, दुखरा पाय नेहमी ज्याला तो खायचा आहे त्यालाच दाखवावा. फक्त बरं वाटल्यावर आभार मानायला थांबू नये.