नदी नापास झाली, त्याची गोष्ट

बाळांनो, एका जंगलात एक नदी होती आणि गवत नदीच्या पलीकडे होतं. गोष्टीत अडचण एवढीच आहे. ती नीट लक्षात ठेवा, कारण जंगलातली मोठी माणसं, म्हणजे मोठे प्राणी, ती लवकरच विसरणार आहेत.

उन्हाळा लागला की अलीकडचं गवत करपून जायचं. मग सगळे नदी ओलांडून पलीकडे जायचे. नदी उन्हाळ्यातही खोल असायची. दर वर्षी कुणीतरी वाहून जायचं. गेल्या वर्षी हौसा नावाच्या भेकरीचं पाडस गेलं. हौसा तीन दिवस काठावरून हलली नाही.

हे वाघ महाराजांच्या कानावर गेलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, "सगळ्यांना पोहायला शिकवा."

शिकवायला गोदामावशी नावाचं पाणमांजर नेमलं. मावशीचा जन्म नदीतच गेलेला. पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना काठावर बोलावलं.

"गुडघाभर पाण्यात उतरा," ती म्हणाली. "बाकीचं तिथं सांगते."

तेवढ्यात काटेसाहेब आले. काटेसाहेब म्हणजे दरबारातले मूल्यमापन अधिकारी, जातीनं साळिंदर. अंगावरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि लिहायला लागायचं, असा त्यांचा दिवस जायचा.

"मावशी, हे शिकले की नाही, ते तुम्ही मोजणार कसं?"

"पलीकडे पोचले तर शिकले."

"आणि नाही पोचले तर?"

मावशीनं नदीच्या धारेकडे पाहिलं.

"तेच म्हणतो मी. तुमच्या परीक्षेत नापास होणाऱ्याला पुन्हा बसता येत नाही. आपण शास्त्रशुद्ध मोजू."

काटेसाहेबांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं, बाळांनो. पुष्कळ गोष्टींची सुरुवात अशीच, चूक नसलेल्या बोलण्यातून होते.

मग मोजणी सुरू झाली. आधी पूर्वचाचणी घेतली. कुणाला काय येत नाही ते त्यात कळलं. पोहायला येत नाही असं निघालं. मग लेखी परीक्षा. 'पोहताना नाक कुठे असावं? अ) पाण्याच्या वर, ब) पाण्याच्या खाली, क) परिस्थितीनुसार.' मग तोंडी परीक्षा. मग गटचर्चा. मग वाळूत नदीचं चित्र काढून त्यावरून चालायचं, याला प्रात्यक्षिक म्हणायचं. खऱ्या पाण्यात जायला मनाई होती, कारण पळसाच्या पानांच्या उत्तरपत्रिका भिजत. शेवटी अभिप्राय. 'प्रशिक्षणात तुम्हाला आनंद मिळाला का?' बहुतेकांनी 'पुष्कळ' लिहिलं. दुपारी खायला बोरं होती.

विद्याधर नावाचा एक वानर यात चमकला. त्याला नदीची लांबी पाठ होती, रुंदी पाठ होती, हातपाय मारण्याचे सात प्रकार क्रमानं पाठ होते. शिक्षण कसं असावं याबद्दलही तो छान बोलायचा.

हौसाचं मात्र काही जमेना. स्वयंमूल्यमापनाच्या पानावर विचारलं होतं, 'तुम्हाला पोहता येतं असं वाटतं का?' तिनं लिहिलं, 'पाण्यात गेल्याशिवाय कसं सांगू.' काटेसाहेबांनी तिथे शून्य दिलं आणि बाजूला शेरा मारला, 'आत्मविश्वास कमी.'

त्या संध्याकाळी हौसा मावशीकडे गेली. यंदाचं नवं पाडस तिच्या पोटाला चिकटून उभं होतं.

"मावशी, मला पास नाही व्हायचं. मला याला घेऊन पलीकडे जायचंय."

मावशीनं इकडेतिकडे पाहिलं. "उद्या पहाटे ये," ती म्हणाली. "वळणापाशी. कुणाला सांगू नकोस."

महिनाभर रोज पहाटे दोघं मायलेकरं वळणापाशी पाणी प्यायली. प्यायली म्हणजे नाकातोंडातून. मावशी त्यांना ओढून काढायची आणि परत ढकलायची. पाडसाला आधी आलं. हौसाला पाण्यात पाय टाकला की मागच्या वर्षीचं आठवायचं आणि अंग आखडायचं. ते सुटायला वीस दिवस लागले. या वीस दिवसांना कुठल्याच पानावर रकाना नव्हता.

निकाल लागला. शंभरात एक्याण्णव उत्तीर्ण. विद्याधर पहिला, एक तरणं चितळ दुसरं. हौसा नापास. काटेसाहेबांनी महाराजांना अहवाल दिला. महाराजांनी 'जंगल पोहायला शिकले' अशी दवंडी पिटवली.

नदी ओलांडायचा दिवस आला. उत्तीर्ण झालेल्यांनी गुणानुक्रमे उतरायचं, नापासांनी सगळ्यात शेवटी, असा नियम होता.

विद्याधर आधी उतरला. पाच पावलं नीट गेला. मग तळ संपला. "प्रकार पहिला," एवढंच त्याच्या तोंडून ऐकू आलं. त्याच्या मागोमाग चितळ उतरलं होतं. ते धारेत सापडलं आणि गोल गोल फिरू लागलं. काठावरचे एकोणनव्वद उत्तीर्ण जागच्या जागी थांबले.

रांगेच्या शेवटी उभ्या हौसानं पाडसाला मावशीकडे ढकललं आणि उडी घेतली. विद्याधर जवळ होता. तिनं मान खाली घातली, त्यानं तिच्या पाठीला मिठी मारली. तिनं त्याला अलीकडच्या काठाला लावलं आणि चितळासाठी वळली.

चितळ दिसलं नाही. हौसा बराच वेळ पाण्यात त्याला शोधत होती. शेवटी मावशीनं पाडसाला पलीकडे सोडलं, परत आली आणि म्हणाली, "हौसा, चल आता. पोर वाट बघतंय."

त्या दिवशी नापास झालेल्यांतले तिघं-चौघं मावशीच्या आधारानं पलीकडे गेले. बाकी कुणी उतरलं नाही.

चौकशी बसली. तिचा निष्कर्ष असा निघाला की नदीनं अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलं. वाळूतली नदी डावीकडून उजवीकडे वाहत होती, खरी उजवीकडून डावीकडे. शिवाय नदीकडे गुणदानाची ठरलेली पद्धत नाही. सबब, नदी परीक्षक म्हणून अपात्र.

परवानगीशिवाय विद्यार्थ्यांना पाण्यात नेलं म्हणून गोदामावशीला कामावरून काढलं. रांग मोडल्याबद्दल हौसाला पुनर्प्रशिक्षणाचा हुकूम निघाला. तो पलीकडे नेऊन द्यायला कुणी मिळालं नाही. विद्याधरला मावशीच्या जागी नेमलं, कारण आता त्याला प्रत्यक्ष अनुभवही होता.

चितळाचं प्रमाणपत्र महाराजांनी स्वतःच्या हातानं त्याच्या आईला दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "यात काय लिहिलंय?"

काटेसाहेबांनी वाचून दाखवलं, "पोहण्यात विशेष प्रावीण्य."

तिनं ते पान हातात धरलं आणि कितीतरी वेळ नदीकडे बघत बसली.

तात्पर्य : बाळांनो, पोहायला शिकण्याच्या फंदात पडू नका. पोहणारा पलीकडे निघून जातो आणि तिथे नुसतं गवत खातो. उत्तीर्ण होणारा अलीकडे राहतो आणि पुढच्या तुकडीला शिकवतो.