दोन मीटरच्या वरचं कुंपण

मी काही लिहिणारा माणूस नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही निबंधात मला बेताचेच मार्क पडायचे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांच्याच घरात भाड्याने राहतो, म्हणजे हा आगाऊपणाच झाला. वाचणाऱ्यांनी माफ करावं.

लंडनच्या हॅरो भागातले माझे घरमालक सबनीसकाका दर रविवारी पावणेअकराला स्वतःच्या बागेचं कुंपण मोजायचे. हातात बांबू, त्यावर दोन मीटरपाशी लाल खूण. मोजण्याची गरज काहीच नव्हती. लेलँडी म्हणून सरूसारखी झाडं असतात, बारा महिने हिरवी आणि एकमेकांना चिकटून वाढणारी. काकांची ओळ माझ्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्याही वर गेली होती. इथे कुंपण दोन मीटरच्या वर गेलं की शेजाऱ्याला तक्रार करता येते, आणि ती मर्यादा तिने माझ्या जन्माच्या सुमारास ओलांडली असावी. तरी काका बांबू टेकवत, मान मागे टाकून वर बघत आणि म्हणत, "नियमात बसत नाही." चेहऱ्यावर मात्र मुलगा वर्गात पहिला आल्याचं समाधान.

काका पुण्याचे. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेले. कुठला कचरा पिवळ्या पिशवीत जातो आणि कुठला नारिंगी, हे सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली. पिशव्या सुटल्या, नियम सुटले नाहीत. वापरलेल्या टीबॅगचा दोरा ते वेगळा काढतात. मी एकदा केळ्याचं साल चुकीच्या डब्यात टाकलं, तर सकाळी ते माझ्या दारापाशी बशीत ठेवलेलं. शेजारी चिठ्ठी : "पुनर्विचार व्हावा."

या कुंपणामुळे शेजारच्या मॉरीनबाईंच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. ऐंशीच्या पुढच्या बाई, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं मागणं एवढंच, की जेवणाच्या टेबलावर पुन्हा ऊन यावं. काकांचा त्याला तत्त्वतः पाठिंबा होता. अडचण फक्त नियमांची.

मार्च ते ऑगस्ट पक्षी घरटी करतात, तेव्हा हात लावायचा नाही. सप्टेंबरात पाऊस. थंडीत झाडाला धक्का बसतो. (हा नियम कुठे लिहिला आहे, हे मला सापडलं नाही.) आणि तोडलं तरी ते टाकायचं कुठे? बागेच्या कचऱ्याच्या ब्राउन बिनचं झाकण पूर्ण लागलं पाहिजे. कचरा डेपोवर स्लॉट बुक करावा लागतो. जाळलं तर धूर शेजाऱ्यांकडे. व्हॅनवाला बोलवावा तर त्याच्याकडे कचरा वाहून नेण्याचा परवाना हवा. टेरी नावाचा एक व्हॅनवाला परवाना घेऊन आला, तर काकांनी तो भिंगातून वाचला आणि फोटोतला माणूस जास्त तरुण दिसतो म्हणून त्याला परत पाठवलं.

"काका, तुम्हाला तोडायचंय तरी का?"

"अरे मास्टर्स," काका मला माझ्या डिग्रीच्या नावाने हाक मारतात, "आपण पाहुणे या देशात. नियमाबाहेर कसं जायचं?"

पाहुण्यांना इथे चाळीस वर्षं होऊन गेली होती.

मॉरीनबाईंनी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, तक्रार करायची धमकी दिली, तेव्हा काका स्वतः फॉर्मची प्रिंट काढून त्यांच्या हातात देऊन मोकळे झाले. वर सांगितलं, "पण आधी आपसात बोलून मिटवायचा प्रयत्न केल्याचा पुरावा लागतो. तुम्ही दर रविवारी अकराला येत जा. मी नोंद ठेवतो."

बाई येऊ लागल्या. रिकाम्या हाताने नाही. त्यांच्या बाजूला आलेल्या फांद्या त्यांनी कापल्या तरी त्या झाडाच्या मालकाच्याच, हेही काकांनीच त्यांना शिकवलं होतं. त्यामुळे अकराच्या ठोक्याला दारात निळी पिशवी.

"मिस्टर सबनीस, तुमची मालमत्ता."

"आभारी आहे. यात एक गुलाबाची फांदी आहे. ती माझी नाही."

"मग ती तुमच्या डोक्यात खोचा!"

काका फांद्या बिनमध्ये ओतत आणि पिशवी परत करत. पण रिकामी पिशवी परत करायची हे काकांना जमेना. मग त्यात चिवड्याचा डबा, कधी थालीपीठ. पहिल्यांदा बाईंना ती लाच वाटली. तिसऱ्या रविवारी त्यांनी निषेध नोंदवला, की शेंगदाणे कमी आहेत. पुढच्या शनिवारी काकांनी मला तीन दुकानं फिरवली. इथून जवळच एजवेअरला राहणारी त्यांची मुलगी दिवाळीला तासभर येते, तिच्यासाठी मात्र बाजारचा चिवडा चालतो.

गेल्या जूनमध्ये मी काकांना कुंपणाच्या मुळाशी खत घालताना पकडलं.

"काका! तोडायच्या झाडांना खत?"

"तोडायचंय. उपाशी मारायचं नाहीये." मग नळाखाली हात धुताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोडलं तर पिशवी कशाची येणार?"

तोवर मी त्यांच्या नकला करून मित्रांना हसवायचो. त्यानंतर मला ते नीट जमेना.

ऑगस्टमध्ये पिशवी आली नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

"रुसल्या," काका म्हणाले.

"जाऊन बेल वाजवू का?"

"छे! तक्रारदाराच्या दारात आपण जायचं नसतं. दबाव आणल्यासारखं होतं. नियमात बसत नाही."

चिवडा मऊ पडला. काकांनी नवा केला. सप्टेंबर लागला तशी त्यांनी टॉर्च घेऊन फांदीन् फांदी तपासली, एकही पक्षी घरट्यात नव्हता, आणि टेरीला फोन लावला. टेरीने दारातच खिशातून परवाना काढला. काकांनी बघितलाही नाही. "लवकर करा," एवढंच म्हणाले.

दिवसभर करवत चालली. संध्याकाळी काकांनी बांबू टेकवला. झाडं लाल खुणेच्या वीतभर खाली होती. इतकी वर्षं बघितली नव्हती ती मॉरीनबाईंची खिडकी समोर आली. आतलं टेबल उन्हाने भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. पावणेअकरापासून काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा धरून कुंपणापाशी उभे. अकराला पलीकडचं दार उघडलं. बाहेर आली ती पन्नाशीची, अनोळखी बाई. छाटलेल्या झाडांकडे आणि मग काकांकडे बघत राहिली.

"तुम्हीच मिस्टर सबनीस ना? मी मॉरीनची मुलगी. ऑगस्टच्या सुरुवातीला आई पडली. आता ती साउथहॅम्प्टनला माझ्याकडेच असते. हे घर विकायला काढलंय. बरंच विसरते हल्ली. पण रविवारी अकरा वाजले की कोट घालून दाराशी बसते. माझ्या कुंड्यांतल्या फांद्या कापून पिशवीत भरते. म्हणते, ही त्यांची मालमत्ता आहे, नेऊन द्यायला हवी."