सगळ्या तालुक्याला एक हार

दाजी धुरी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, कडांकडे बघतो. तुम्ही त्याच्याशी बोलत असता आणि त्याची नजर तुमच्या कानावरून निघून खांद्यावर उतरते, कोपरापर्यंत जाऊन परत येते. नव्या माणसाला वाटतं आपल्या पाठीमागे कोणीतरी उभं आहे. पाठीमागे कोणी नसतं. दाजी मनातल्या मनात तुम्हाला तुमच्या पार्श्वभूमीवरून कापून काढत असतो.

मालवणहून तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं ‘दिगंबर आर्ट्स’ नावाचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, दशावताराचे फलक आणि मुख्य म्हणजे बॅनर. गेली अनेक वर्षं माणसं कापून काढल्यामुळे मनुष्यजातीचे त्याने दोनच भाग केले आहेत: सोपी माणसं आणि कठीण माणसं. टक्कल असलेला माणूस सोपा. कुरळ्या केसांची बाई वाऱ्यात उभी असली की सगळ्यात कठीण. मी निवृत्त होऊन सावंतवाडीहून गावी आलो तेव्हा त्याने माझं स्वागत केलं ते असं: “सर, डोक्यात तुमी आता सोपे झालात. कानाकडे मात्र त्रास आसा.”

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पण मी कॉलेजात शिकवायला लागलो आणि त्या दिवसापासून मी त्याचा ‘सर’ आणि ‘तुमी’ झालो. मी त्याला ‘तू’ म्हणायचं सोडलं नाही.

दाजीचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: “लेयर येगळे ठेवूक व्हये.” लेयर म्हणजे चित्राचे थर. माणूस एका थरावर, मागचं आभाळ दुसऱ्यावर, अक्षरं तिसऱ्यावर. एकाला हात लावला तर दुसरा हलत नाही. दाजी जेवायला बसला की भात एका बाजूला, आमटी वाटीत आणि बांगडा ताटाच्या कडेला. कोणी आमटी भातावर ओतली तर तो माणूस हातातून गेला असं समजतो. शेजारच्या सासू-सुनांच्या भांडणात त्याला मध्यस्थ म्हणून बोलावलं, तेव्हाही त्याने हाच निवाडा दिला. सून वेगळी राहायला गेली. दाजीला तेव्हापासून तिथे कोणी बोलावत नाही.

राजकारणात मात्र हे तत्त्वज्ञान शंभर टक्के चालतं. आमच्याकडे एक भावी आमदार आहेत. ते बरीच वर्षं भावीच आहेत. दाजीकडे ते हात जोडून एका स्वतंत्र लेयरवर उभे असतात. त्यांनी पक्ष बदलला की दाजी मागचा रंग बदलतो, वरच्या कोपऱ्यातले थोर पुरुष बदलतो. साहेबांचं हसू तेच राहतं. “माणूस बरो आसा,” दाजी म्हणतो. “पाठचां काय तां आपला नसता.”

दुकानाचं नाव ज्याच्यावरून, तो दिगंबर म्हणजे दाजीचा थोरला भाऊ. सगळे त्याला आबा म्हणत. दोघेही सडेफटिंग, एकाच घरात राहायचे आणि एकाच विषयावर भांडायचे. आबा ब्रशने होड्यांवर नावं रंगवायचा, आणि कॉम्प्युटरवर अक्षर काढणाऱ्या माणसाला तो अक्षर येत नसलेला माणूस समजायचा. तीनेक वर्षांपूर्वी आबा गेला. दाजीने त्या दिवशीही दुकान उघडलं, बॅनर केला, नाक्यावर स्वतः बांधला, आणि मग दोन दिवस बंद ठेवलं.

आता मुख्य गोष्ट. दाजी ज्या सॉफ्टवेअरवर काम करायचा ते पूर्वी डबीतून विकत मिळायचं. एकदा घेतलं की आपलं. मग कंपनीने डबी बंद केली आणि महिन्याच्या भाड्यावर द्यायला सुरुवात केली. मग महिन्याचं भाडं वर्षाचं झालं. मग दर थोड्या दिवसांनी मेल येऊ लागले की आपल्या योजनेत सुधारणा करण्यात आली आहे. सुधारणा शब्द वाचला की दाजी खिसा चाचपतो.

यंदा भाडं एवढं सुधारलं की दाजी उखडला. त्याने त्या सॉफ्टवेअरचं नाव टाकून दिलं आणि त्याला ‘भाटकार’ म्हणायला लागला. भाटकार म्हणजे आमच्याकडचा जमीनमालक. दाजी स्वतः कूळ. देवदिवाळीला जुना करार संपत होता. त्याच्या आत भाडं भरलं नाही, तर आजवरच्या सगळ्या फाइली त्याच्याच कॉम्प्युटरवर त्याला उघडता येणार नव्हत्या. वर देवदिवाळीपासून आमच्याकडे जत्रा सुरू होतात, म्हणजे बॅनरवाल्याचा हंगाम.

त्याने कंपनीला फोन लावला. कार्यालयीन कामाला दाजी शुद्ध भाषा वापरतो.

“मॅडम, आम्ही आपले जुने कूळ आहोत. इतकी वर्षं ही जमीन आम्ही कसली. कायद्याने आता ती आमच्या नावावर व्हायला हवी.”

पलीकडच्या मुलीने हिंदीत विचारलं, सर, आपको कौनसा प्लान चाहिए?

“प्लान नको. कूळकायदा हवा.”

तिने फोन वरिष्ठांकडे दिला. वरिष्ठांनी गाणं लावलं. दाजीने ते गाणं पूर्ण ऐकलं, आणि चाल बरी आहे असा अभिप्राय देऊन फोन ठेवला.

मग नवीन सॉफ्टवेअर बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मुलगी बघायला जावं तसा. एक होतं पंधरा दिवस फुकट वापरायला मिळणारं. त्याचं नाव ‘पावणो’. एक कायमचं फुकट, कुठल्या तरी परोपकारी लोकांनी मिळून केलेलं, ते ‘धर्मादाय’. एक होतं एकदाच पैसे घेणारं, पण तेही कधीतरी भाड्यावर जाईल अशी दाजीला शंका होती. “भाटकार होवक कितीसो येळ लागता,” तो म्हणाला.

प्रत्येकाची परीक्षा एकच. दाजी पडदा स्वतःकडे वळवायचा, एक जुनी फाइल उघडायचा, दोन-तीनदा टिचकी मारायचा आणि मान हलवायचा.

“नाय. चिकाटलो.”

“काय चिकटलं?”

“हार.”

हार म्हणजे श्रद्धांजलीच्या बॅनरवरचा. दाजीकडे झेंडू आणि गुलाबाचा एकच हार आहे, कधी काळी बाजारातून आणून त्याने त्याचा फोटो काढला होता. आमचा सगळा तालुका त्या एका हारात गेला आहे. सावकार, शिक्षक, मासे विकणाऱ्या बायका, दोन सरपंच. समता अशी आमच्याकडे आली. तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फाइली उघडायच्या, पण सगळे लेयर एकमेकांत मुरून. हार माणसाला चिकटलेला असायचा.

“मग नवा हार घे,” मी म्हणालो. “एकदा दहा रुपयांची फुलं आण.”

दाजीने माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्याकडे बघितलं. “तुमका ग्राफिक्समधला कळूचा नाय, सर.”

देवदिवाळी जवळ आली तशी त्याची झोप गेली. शेवटी त्याने आमच्याकडे असल्या वेळी करतात तेच केलं. गावदेवीला कौल लावला. मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवीला प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. याच देवीने आजवर विहिरींच्या जागा दाखवल्या आहेत आणि सोयरिकी मोडल्या आहेत. गुरव भिकाजी तिच्या सेवेत म्हातारा झालेला, पण असा प्रश्न त्याच्याही वाट्याला आला नव्हता.

“एका टायमाक एकच इचारूचा,” तो म्हणाला. “आणि देवीक कळात असा बोल.”

“भाटकाराक सोडून धर्मादायात जावू काय?”

“भाटकार खंयचो?”

“अमेरिकेचो.”

भिकाजीने पाकळी हातात धरून विचार केला. “देवीची शीव व्हाळापर्यंत, दाजी.”

“दुकान व्हाळाच्या अलीकडे आसा.”

व्हाळ म्हणजे गावाच्या हद्दीवरचा ओढा, तेव्हा हा मुद्दा बिनतोड होता. भिकाजीने गाऱ्हाणं घातलं: “गे माउली, ह्या तुझ्या लेकराचा दुकान आसा, तेच्या मशिनीत कोण परको भाटकार बसलो हा, तेका सोडून लेकरू धर्मादायात जावंक बघता, तर ह्या बरा आसा तर उजवी दी.” जमलेल्या चार जणांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं. मीही म्हटलं. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला ते किती सहज जमतं याचं मला आश्चर्य वाटलं.

उजवी पाकळी पडली.

दाजीचा चेहरा उतरला. “माझा चुकला. हाराचा इचारूकच नाय. परत लाव.”

“देवीन दिल्यान तां दिल्यान,” भिकाजी म्हणाला. “ती काय तुझी कंपनी न्हय, दर म्हयन्याक बदलूक.”

देवदिवाळीला दुकानात धर्मादाय बसलं. दाजीने महिनाभर त्याला शिव्या घातल्या, मग शिकला. जत्रांचे बॅनर वेळेवर झाले. भावी आमदार नव्या पार्श्वभूमीवर पूर्वीसारखेच हसले. दुकानातला जुना कॉम्प्युटर दिसेनासा झाला, तेव्हा भंगारात गेला असणार असं मी धरून चाललो.

परवा दुपारी आमच्या शाळेच्या स्नेहमेळाव्याचा फलक करून घ्यायला गेलो तर दुकानाला कुलूप. म्हणून घरी गेलो. दार उघडंच होतं. माजघरात, आबा जिथे ब्रश धुवायचा त्या खिडकीखाली जुना कॉम्प्युटर मांडलेला. दाजी समोर बसला होता. पडद्यावर आबाचा श्रद्धांजलीचा बॅनर, नाक्यावर बांधला होता तोच. आणि वरच्या कोपऱ्यात भाटकाराचं ओळखीचं चिन्ह.

“भाडं भरतोस?” मी विचारलं.

“देवीन दुकानाचा सांगल्यान,” दाजी मागे न बघता म्हणाला. “घरचा मी इचारूकच नाय.”

त्याने एक टिचकी मारली. हार गेला. दुसरी मारली, समई गेली. तिसरीला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ गेलं. खालून जुनी पिवळी अक्षरं वर आली: ‘आबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. आबाची चेष्टा करायला दाजीने तो बॅनर केला होता, आणि आबा आठवडाभर त्याच्याशी बोलला नव्हता. डोक्यावर कागदी टोपी, डोळ्यांवर भावी आमदारांच्या फोटोतून उचललेला काळा चष्मा. दाजीने तेही एकेक काढलं. मग नुसता आबा राहिला. कानावर ब्रश, कपाळाला आठ्या, तोंड अर्धवट उघडं.

“काय म्हणता तो, म्हायत आसा?” दाजी म्हणाला. “‘फोटो काढू नको मेल्या, केस इंचारूक दी.’ इंचारूक दिलंयच नाय. कापताना किती त्रास झालो माका.”

मग दाजी फाइल बंद करायला लागला. बदल जतन करायचे का, असं पडद्यावर आलं. त्याने ‘नाही’वर टिचकी मारली.

“असाच ठेव ना सेव्ह करून,” मी म्हणालो. “हार नसलेला.”

“आणि उद्या काय काढू?”

त्याने कॉम्प्युटर बंद केला, वर आबाचा जुना टॉवेल टाकला आणि उठला. दारापर्यंत आल्यावर त्याची नजर माझ्या कानाकडे गेली.

“केस कापून घे रे,” तो म्हणाला. “आणि एक बरोसो फोटो काढून ठेय. घाईत काढलेलो माका चलाचो नाय.”