साठ पुंगळ्यांची छाननी

मोन्टानात एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघावा लागतो. डुएन टॉर्गर्सनचा अकरा वर्षं अर्ज केल्यावर निघाला. आता फक्त हरीण मारायचं बाकी होतं, आणि हातात हंगामाचे चांगले पाच आठवडे होते.

वडील ओस्मुंड एकोणनव्वद वर्षांचे. त्यांची एकच मागणी होती. "माझ्या बंदुकीनं मारलेल्या एल्कचं मांस मरायच्या आधी एकदा खाऊ घाल."

बंदूक इतकी जुनी की तिची काडतुसं निघणंच कधीचं बंद झालेलं. म्हणून दुसऱ्या बंदुकीच्या काडतुसांच्या साठ रिकाम्या पितळी पुंगळ्या या बंदुकीच्या मापाच्या करायला घेऊन डुएन गॅरेजमध्ये बसला. तेल लावून साच्यात दाबायच्या, तोंडाकडची निमुळती मान आचेवर मऊ करायची, जास्तीची लांबी छाटायची, की झालं. शनिवारभराचं काम.

पण डुएन बंदूक क्लबाचा सभासद होता, आणि तिथे 'झालं' हा शब्द असभ्य समजतात.

पहिल्या आठवड्यात मानेची जाडी केसभर कमी-जास्त म्हणून अठरा पुंगळ्या अपात्र ठरल्या. दुसऱ्यात वजनापायी एकतीस गेल्या. तिसऱ्यात काट्यावरच संशय आला, म्हणून काटा तपासणीला गेला. चौथ्यात तो शुद्ध होऊन परतला आणि त्यानं आणखी दहा बाद केल्या. उरली एक. तिच्यात दारू आणि गोळी भरून एक काडतूस तयार झालं.

"अरे, हरीण काय पुंगळीचं वजन विचारून पडणार आहे?" म्हातारा कावला.

"बाबा, प्रत्येक गोळी सारखी सुटायला हवी."

"एकच तर झाडायची आहे, गाढवा!"

शेवटच्या रविवारी, दिवस कलताना, एक दांडगा एल्क त्यांच्याच कुंपणाशी येऊन उभा राहिला. खिडकीतल्या म्हाताऱ्यानं डुएनला हाक मारली.

"मार रे, पोरा. मार!"

डुएननं ते एकुलतं काडतूस भरलं, नेम धरला आणि बंदूक खाली घेतली.

"बाबा, ताडून बघायला दुसरी पुंगळीच नाही. ही बरोबर आहे हे ठरवायचं कशावरून?"

एल्कनं बराच वेळ वाट बघितली. मग तो निघून गेला आणि हंगाम संपला.

क्लबानं डुएनला उत्कृष्ट पुंगळीचं प्रशस्तिपत्र दिलं, शिवाय छाननी समितीचं अध्यक्षपद. म्हाताऱ्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "हा शिजायला किती वेळ लागतो रे?" त्यानं विचारलं. डॉक्टरांनी त्याला आता नुसत्या पेजेवर ठेवलंय. डुएन पुढच्या सोडतीचा अर्ज भरतोय, सुवाच्य अक्षरात, तिसऱ्यांदा.

हसा, खुशाल हसा. तुम्हीही कुणाला तरी 'एवढं एकदा नीट होऊ दे, मग बघू' म्हणून बसवून ठेवलं असेलच. त्यांचं वय काय, तेवढं आज विचारून घ्या.