सतरा नंबरची उंची

कॅप्टनने अंगावर बांधलेल्या हार्नेसच्या खिशावर थाप मारली आणि न बघताच "आहे!" म्हणून टाकलं, तिथेच सगळा घोळ झाला.

कॅप्टन हा हँग ग्लायडिंगच्या स्पर्धांतला मुरलेला गडी. आठवडाभर विमा कंपनीत बसून लोकांना आयुष्याचा भरवसा नाही असं पटवून द्यायचं आणि सुट्टी मिळाली की कापडी पंखाला लटकून टेकडीवरून स्वतःला झोकून द्यायचं, हा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता. त्याचा विमा उतरवायला त्याचीच कंपनी तयार नव्हती. पण भीती, शंका, दुसऱ्यांदा तपासून बघणं या गोष्टी देवाने त्याच्या वाट्याला दिल्याच नव्हत्या.

आज स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. पहिले तिघे जागतिक स्पर्धेच्या संघात जाणार होते. कॅप्टन तिसरा होता आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी चार-पाच गुणांवर, एक दंतवैद्य होता. दंतवैद्याच्या आधी उतरायचं, की वीस वर्षांचं स्वप्न खिशात! नव्वद किलोमीटरचा मार्ग, वाटेत तीन टप्पे, आणि ते गाठल्याचा पुरावा म्हणजे साबणाच्या डबीएवढा काळा ट्रॅकर. त्यातली नोंद संगणकात गेली की निकाल लागायचा.

बायको टेकडीवर उभी राहून यादी वाचत होती.

"हेल्मेट?"

"आहे."

"पाण्याची नळी?"

"आहे. अगं, किती वेळा विचारशील?"

"ट्रॅकर?"

तेव्हा ती थाप पडली. खिशात डबी होती, यात वाद नाही. पण ती सोबत आलेल्या त्याच्या सासूबाईंच्या कवळीची होती. घाटातल्या धक्क्यांनी दुखतं म्हणून सासूबाईंनी वरची आणि खालची अशी दोन्ही कवळ्या काढून, डबीत घालून गाडीत पुढे काचेजवळ ठेवली होती. शेजारी ट्रॅकर होता. कॅप्टनने प्रतिस्पर्ध्यांना "आज मागून माझे पाय बघत या" असं सांगता सांगता हात घातला आणि हाताला लागेल ती डबी खिशात टाकली.

पाच मिनिटांत कॅप्टन आकाशात होता आणि सासूबाईंचे दात दोन हजार मीटरवर पोचले होते.

बायको लगेच गाडीत बसली. या खेळात उडणाऱ्याइतकंच काम खालून गाडी हाकणाऱ्याला असतं. नवरा कुठल्या शेतात टेकेल त्याचा नेम नसतो, म्हणून टप्प्यांच्या अंदाजाने त्याच्या खालून धावायचं. हे ती वीस वर्षं करत होती. त्याबद्दल तिला कोणी कधी पदक दिलं नव्हतं.

दोन टप्पे मागे पडल्यावर सासूबाईंना चहा हवासा झाला. पेट्रोल पंपावर गाडी थांबली. चहा आला, बिस्किटं आली. सासूबाईंनी काचेजवळची डबी घेतली आणि उघडायला लागल्या. ती काही उघडेना.

तेवढ्यात नियंत्रण कक्षातून फोन आला. तिथे एक मुलगी पडद्यावर सगळे ट्रॅकर बघत बसली होती.

"मॅडम, घाबरू नका," ती म्हणाली, आणि बायको घाबरली. "सतरा नंबर बावीस मिनिटं एका जागी आहे. उंची फक्त एक मीटर."

सतरा नंबर म्हणजे कॅप्टन. बायको ताडकन उठली. "कुठे? कुठे पडलेत ते?"

"हमरस्त्यावर एक पेट्रोल पंप आहे, त्याच्या आवारात."

"मी त्याच पंपावर आहे!"

"मग ते तुमच्यापासून दहा पावलांवर आहेत."

बायकोने पंपाच्या छपरावर पाहिलं. टायरच्या ढिगामागे पाहिलं. पुरुषांच्या स्वच्छतागृहाचं दार बडवून "अहो, आत आहात का?" असं ओरडून पाहिलं. आतून एक ट्रकवाला बाहेर आला आणि तडक ट्रकमध्ये जाऊन बसला.

"आई, तू बस गाडीत! ते पलीकडच्या शेतात असतील!"

"अगं, पण ही डबी..."

"आई, डबीचं नंतर!" डोळ्यांतलं पाणी पुसत तिने गाडी सुरू केली.

"मॅडम!" फोनमधली मुलगी किंचाळली. "हलले! पूर्वेकडे निघालेत!"

"मीही पूर्वेकडेच निघालेय!"

"ताशी साठ!"

"माझेही साठच आहेत!"

"मग सोडू नका त्यांना!"

बायकोने ऐंशी केले. सतरा नंबरनेही ऐंशी केले. ती वळली, तो वळला. कोणीतरी जखमी कॅप्टनला गाडीत घालून पळवतंय, अशी मुलीची खात्री झाली. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. "पुढच्या गाडीत असतील," ती म्हणाली. पुढे कोंबड्यांचा टेम्पो होता. बायकोने हॉर्न वाजवून तो थांबवला, खुराडी तपासली, माफी मागितली आणि परत गाडीत बसली. या धावपळीत तिसरा टप्पाही मागे पडला.

"झालं का तुझं?" सासूबाई मागून म्हणाल्या. दात नसल्यामुळे त्या मघापासून तोंडावर रुमाल धरून होत्या. "ही डबी माझी नव्हे. हिला झाकणच नाही. वर सतरा लिहिलंय."

बायकोने वळून पाहिलं. मग गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते खोटं नाही.

"मॅडम? सापडले का?"

"ते नाही सापडले. ट्रॅकर सापडला. आईच्या मांडीवर आहे."

इकडे कॅप्टन आयुष्यातलं सर्वांत देखणं उड्डाण करून ठरलेल्या मैदानात पहिला उतरला होता. दंतवैद्य चांगला चार मिनिटांनी आला. कॅप्टन ऐटीत तंबूत गेला आणि पंचांच्या टेबलावर डबी आपटून म्हणाला, "घ्या, नोंद काढा!"

पंचांनी डबी उघडली. आतल्या बत्तीस दातांनी त्यांचं स्वागत केलं. पाठीमागून दंतवैद्याने मान पुढे केली.

"काम चांगलं झालंय," तो म्हणाला. "कोणाकडे केलंत?"

कॅप्टन एवढ्याने खचणारा नव्हता. "मी पहिला उतरलो, हे सगळ्यांनी पाहिलंय. साक्षीदार घ्या!"

"साक्षीदार चालत नाहीत. ट्रॅकरमधली नोंद हीच अंतिम, असा नियम आहे."

"हा नियम कोणत्या शहाण्याने केला?"

पंचांनी गेल्या वर्षीच्या सभेचं इतिवृत्त पुढे सरकवलं. सूचक म्हणून खाली कॅप्टनची सही होती, चांगली ठसठशीत. तेव्हा दंतवैद्याचा ट्रॅकर बंद पडला होता.

नियंत्रण कक्षाकडे आलेल्या सतरा नंबरच्या नोंदीत तिन्ही टप्पे होते, पण रस्त्यापासूनची उंची सगळीकडे एक मीटर. दिवसाचे गुण शून्य. दंतवैद्य तिसरा झाला. कॅप्टनला ते फार लागलं. तो तंबूबाहेर जाऊन गवतात बसला आणि बायकोची गाडी आली तेव्हाही उठला नाही.

बायको धावत आली. आधी तिने त्याचे हात-पाय धड आहेत ना ते पाहिलं, आणि मग त्याला जे बोलायचं ते बोलली. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात संघाच्या व्यवस्थापक बाई आल्या. "कॅप्टन, आम्ही सतरा नंबरची नोंद नीट पाहिली. संघासाठी असंच माणूस हवं होतं."

कॅप्टन उठला, गवत झटकलं. शेवटी गुणांची कदर होतेच, हे त्याला माहीतच होतं.

"आज सगळ्यांचे चालक वाट चुकले," बाई पुढे म्हणाल्या. "दंतवैद्यांचा तर अजून आलेला नाही. या एकाच गाडीने तिन्ही टप्पे घेतले, आणि तेही वाटेत नवरा शोधत! संघाची गाडी तुमच्या मिसेसनी चालवावी, असं ठरलंय. तीन आठवडे परदेशात."

बायकोने स्वतःकडे बोट केलं. "मी? मला तर उंचीची भीती वाटते."

"उडायला पुष्कळ आहेत हो. शोधून आणणारं कोणी नाही."

कॅप्टनच्या मनात निम्मं दुःख होतं, पण निम्मा खराखुरा अभिमान होता. त्याने ताबडतोब वडिलांना फोन लावला.

"बाबा, संघात निवड झाली!"

"तुझी?"

"आपल्या घरातली."

कोणाची ते कळल्यावर वडिलांना मनापासून आनंद झाला. "सूनबाईला शाबासकी सांग. आणि तू काय करणार तीन आठवडे?"

कॅप्टनने एकवार गाडीत बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं आणि छाती पुढे काढली.

"मी घरीच थांबणार आहे. सासूबाईंजवळ कोणीतरी जबाबदार माणूस नको का?"